इंडियन ओशनचा तक्ता आणि आमचा गिटारवाला : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

कामाला हात घातला. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा १९९० पासूनचा प्रवास एका मोठ्या कागदावर मांडायचा आहे. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुणाकडे कोणतं वाद्य होतं, हे सगळं भिंतीवर लावून लांबून वाचता आलं पाहिजे. सोबत गाणी ऐकण्याची एक संध्याकाळ, सोलापुरातल्या वाजवणाऱ्या पोरापोरींसाठी.

कारण आमच्याच बँडमध्ये आहे. गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली, जानेवारीत तो जाणार. सोलापुरातले बँड भांडणाने क्वचितच मोडतात. शिक्षण संपतं, नोकरी लागते, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस एकेकाला घेऊन जाते. आमचा पहिला ड्रमर असाच गेला. कीबोर्डवाली लग्न होऊन हैदराबादला गेली. आता हा. परवा सराव संपल्यावर माझा मामेभाऊ (सध्या ड्रमवर तोच असतो) त्याला म्हणाला, "तू गेल्यावर राहतंय काय बे आपलं?" कुणीच काही बोललं नाही.

मला त्या प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि ते धीर देणारं नसलं तरी चालेल, खरं हवं. ज्या बँडने माणसं गमावली आणि तरी गाणं थांबू दिलं नाही, त्यांनी नेमकं काय केलं ते आधी बघायचं.

५ नोव्हेंबर

इंडियन ओशनच का, हे लिहून ठेवते. इंग्रजी रॉक वाजवणारे आपल्याकडे आधीही होते. मुंबईची रॉक मशीन १९८४ ची. इंडियन ओशनने मात्र तबला, बास, गिटार आणि ड्रम एकत्र घेऊन स्वतःचंच काहीतरी घडवलं. सिनेमाच्या आधाराशिवाय, मोठ्या कंपन्यांच्या मर्जीवर न राहता, बरीच वर्षं केवळ कार्यक्रमांच्या जोरावर ते टिकले. शिवाय आमच्या पाचही जणांच्या फोनमध्ये एकसारखी सापडणारी गाणी त्यांचीच आहेत.

९ नोव्हेंबर

पहिला कच्चा आराखडा, माणसांच्या क्रमाने.

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची भेट १९८४ ची. एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे तबला आणि गळा. बँड उभा राहिला १९९० मध्ये. ड्रमवर तेव्हा शलीन शर्मा होता. १९९१ मध्ये बासवर राहुल राम आला. हा माणूस आयआयटी कानपूरहून पुढे अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर डॉक्टरेट करून परतला होता आणि नर्मदा बचाव आंदोलनात होता. १९९३ मध्ये पहिला अल्बम, एचएमव्हीकडून, बँडच्याच नावाचा. १९९४ मध्ये शलीनच्या जागी अमित किलाम आला. तेव्हापासून सुस्मित, असीम, राहुल, अमित हे चौघं २००९ पर्यंत तसेच राहिले.

पंधरा वर्षं एकच संच. आपण ज्याला "इंडियन ओशनचा आवाज" म्हणतो तो बहुतेक या पंधरा वर्षांतला आहे. १९९७ चा 'डेझर्ट रेन' (दिल्लीतल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष रंगमंचावरून ध्वनिमुद्रित केलेला), २००० चा 'कांदिसा', २००३ चा 'झिनी', आणि 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाचं संगीत. चित्रपट कोर्टात अडकून २००७ मध्ये पडद्यावर आला, गाणी तोवर लोकांच्या तोंडी होती.

मामेभावाला आराखडा दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे यांनीपण सुरुवातीला ड्रमर बदलला." हे त्याला फार महत्त्वाचं वाटलं. तोही आमच्याकडे दुसराच.

१६ नोव्हेंबर

पूर्व भागात गेले होते. आमची सरावाची खोली तिथल्याच एका यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर आहे. खाली माग चालू असले की वर काय वाजतंय ते रस्त्यावर कळत नाही, त्यामुळे आजवर शेजाऱ्यांची तक्रार आली नाही. मालकांचे थोरले भाऊ जेकॉर्ड चादरीची डिझाइनं काढायचे. मोर, कमळ, मंदिराचं शिखर, सगळं आधी चौकड्यांच्या कागदावर, चौकोन रंगवत. आता हे काम संगणकावर होतं, पण कागदाचे मोठे ताव त्यांच्याकडे अजून आहेत. मी म्हटलं, "काका, एक कागद हवाय, माणसांचं डिझाइन काढायचंय." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसा मॅडम. मीच काढतो."

ठरलं असं: प्रत्येक माणूस म्हणजे एक उभा धागा, ताण्यातला. वरून खाली काळ. एक चौकोन एक महिना. प्रत्येकाला वेगळा रंग. अल्बम आणि महत्त्वाचे कार्यक्रम आडवे जाणार, बाण्यासारखे, त्या वेळी हजर असलेल्या सगळ्या धाग्यांमधून.

काका तेलुगू वळणाचं मराठी बोलतात आणि प्रश्न थेट विचारतात. शलीनचा धागा १९९४ ला संपतो आणि अमितचा सुरू होतो, तिथे त्यांनी पेन्सिल थांबवली. "गाठ मारायची का?" मागावरचा ताणा संपत आला की जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं एकेक करून बांधतात, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून ओवावं लागत नाही. अमितच्या बाबतीत गाठ बरोबर आहे, असं मी म्हटलं. ड्रमची जागा होती, ड्रमवाला आला. पण अमितने पुढे त्या जागेत आणखी बरंच आणलं. तो गातो, क्लॅरिनेट वाजवतो, गबगुबी (बंगालकडचं तारेचं लोकवाद्य) वाजवतो. म्हणून गाठीनंतर त्याचा धागा काकांनी जाड केला.

२३ नोव्हेंबर

२००९ पाशी अडकलो.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेला. हृदयविकार. त्याच्या धाग्याखाली कुणाला बांधायचं? काकांनी विचारलं, "याच्या जागी कोण आलं?" आणि मी दोन नावं सांगितली: गायनाला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती.

"एका धाग्याला दोन? असं बांधत नाहीत."

खरंच बांधत नाहीत. असीम तबला वाजवता वाजवता गायचा. ऐकताना आपण ते दोन वेगळे थर समजतो, पण ठेका आणि स्वर एकाच माणसाच्या शरीरातून एका वेळी निघत होते. ओळीचा शेवट कुठे सैल सोडायचा, सम कुठे येणार, हे त्याला कुणाला खुणेने सांगावं लागत नव्हतं. त्याच्यानंतर दोन चांगले कलाकार घेतले तरी त्या दोघांना एकमेकांकडे बघावं लागणार. चारांचे पाच झाले, आणि पाच झाल्यावर रंगमंचावरचं सगळंच बदललं: कोण कुणाकडे बघतो, कोण कधी थांबतो.

हे मला तक्ता काढेपर्यंत इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. नावांची यादी करताना "असीमच्या जागी हिमांशू आणि तुहीन" असं एका ओळीत लिहून होतं. कागदावर मात्र ती ओळ बसत नाही.

२४ नोव्हेंबर

तक्त्याची रचना बदलायची. माणसांच्या शेजारी कामांचे पट्टे: गिटार, बास, ड्रम, तबला, मुख्य गायन, साथीचं गायन, आणि "गाणं कुठून येतं" हा एक. माणसाचा धागा जितक्या पट्ट्यांवरून जाईल तितके पट्टे त्याच्या रंगाने रंगवायचे.

शेवटच्या पट्ट्याबद्दल काकांना शंका होती, मला नाही. 'मा रेवा' हे नर्मदेच्या खोऱ्यातलं गाणं राहुल राम आंदोलनातून घेऊन आला. 'कांदिसा' हे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांमधलं प्राचीन प्रार्थनागीत, अरामी भाषेतलं. 'झिनी' कबीराचं. ही गाणी वाजवण्याच्या कौशल्यातून आलेली नाहीत. कुणीतरी कुठेतरी गेलं, कुणाचं तरी ऐकलं, लक्षात ठेवलं आणि सरावाच्या खोलीत आणून ठेवलं. बँडमधलं हे काम पोस्टरवर कधी लिहिलं जात नाही, आणि तो माणूस गेला की ते काम गेलंय हे वर्षभराने कळतं.

आमच्या खोलीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषा रोज बोलल्या जातात. गाणी मात्र आम्ही आजवर मराठी आणि हिंदीतच केली. हा विषय पुढच्या सरावाला काढायचा.

२ डिसेंबर

सुस्मित सेनचा धागा २०१३ मध्ये संपवला. पहिल्या भेटीपासूनचा माणूस, बँडचा संस्थापक, ज्याच्या गिटारवरून बँड ओळखला जायचा, तो स्वतःहून बाहेर पडला. निखिल राव आला. इथे गाठ मारावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. गिटारवाला म्हणाला, मारा, जागा तीच आहे. मला ते पटत नाही. सुस्मितची गिटार रागाच्या अंगाने, तारांवर ठेहराव घेत पुढे जाते. निखिलचं वाजवणं इलेक्ट्रिक गिटारचं, रॉककडे झुकणारं. जागा तीच, काम वेगळं. म्हणून गिटारचा पट्टा सलग ठेवला आणि धाग्यांत गाठ मारली नाही. एक संपतो, शेजारी दुसरा सुरू होतो.

निखिलने सुस्मितची नक्कल केली असती तर काय झालं असतं? लोकांनी दर कार्यक्रमात तुलना केली असती आणि तो दर वेळी हरला असता. मला वाटतं बँडने त्याला तसं करायला लावलं नाही, हेच त्यांचं मोठेपण.

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, 'तंदानू' आला. त्यात त्यांनी बाहेरचे कलाकार बोलावले: शुभा मुद्गल, विश्वमोहन भट, शंकर महादेवन, विशाल दादलानी, कर्ष काळे, व्हायोलिनवाले कुमारेश, घटम आणि कंजिरावाले सेल्वगणेश. नव्या संचाने पहिल्याच मोठ्या कामात खोलीचं दार उघडून ठेवलं. २०१५ ला 'मसान'चं संगीत, २०२३ ला 'तू है'. पंधरा वर्षं टिकलेल्या त्या संचातल्या चौघांपैकी आता दोघंच आहेत, राहुल आणि अमित, आणि त्या दोघांतलं कुणीही १९९० मध्ये बँडमध्ये नव्हतं. हे वाक्य मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. आज इंडियन ओशनमध्ये पहिल्या दिवसाचं कुणीच नाही, आणि बँड आहे.

७ डिसेंबर

तक्त्याच्या कडेला तुलनेसाठी आणखी काही बँड छोट्या पट्ट्यांत घ्यायचे ठरलं. फार लांबवायचं नाही.

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० ला गेला. उरलेल्या तिघांनी ते नावच बाजूला ठेवलं, न्यू ऑर्डर या नावाने सुरुवात केली, गिटारवाला बर्नार्ड समनर गाऊ लागला, आणि त्याच वर्षी जिलियन गिल्बर्ट त्यांच्यात आली.

अमेरिकेतल्या आर.ई.एम.चा ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये निघाला. तिघांनी नवा सदस्य घेतलाच नाही. ड्रमर कामापुरते आले, बँड तिघांचाच राहिला, २०११ मध्ये थांबेपर्यंत. बेरी असेपर्यंत त्यांच्या गाण्यांवर चौघांची नावं सारखी लागायची, कुणी काय लिहिलं हे वेगळं सांगायची पद्धत नव्हती. मला हा बँड यासाठीच आवडतो.

मँचेस्टरचाच द फॉल याच्या उलट. १९७६ ते २०१८, मार्क ई. स्मिथ हा एकटा कायम आणि त्याच्याभोवती साठाहून जास्त माणसं येऊन गेली. याला बँड म्हणायचं की एका माणसाचं काम म्हणायचं, यावर मामेभाऊ आणि गिटारवाला रात्री चहाच्या गाड्यावर बराच वेळ बोलत होते. मी मार्क स्मिथच्या बाजूने नाही. ज्याला कधीच कुणाची उणीव भासत नाही त्याला सोबत तरी कशाला हवी?

आणि आपल्या मुंबईची रॉक मशीन. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाली, काही वर्षांत थांबली, २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबीन बलपोरिया हे जुने तिघं नवा बास आणि नवा ड्रमर घेऊन परत आले, २०१२ मध्ये अल्बम केला. काकांनी या पट्टीत मधली मोकळी वर्षं तशीच पांढरी सोडली. फार छान दिसतं ते.

१४ डिसेंबर

मामेभाऊ सरावाला नाही. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा महिन्यावर आली, रात्री नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) पेलण्याचा सराव सुरू झालाय आणि तो त्यात आहे. या दिवसांत त्याला कुणी अडवत नाही. ताल त्याला आला तोही लेझीमच्या पथकातून, ड्रमचा सेट तो नंतर शिकला.

गिटारवाल्यासोबत बसून आमच्या बँडचा तसाच कामांचा तक्ता केला. त्याच्या नावाने रंगवलेले पट्टे बघून आम्ही दोघं गप्प झालो. गिटार. बहुतेक गाण्यांची सुरुवातीची धून. साथीचं गायन. सगळ्यांची वाद्यं सुरात लावून घेणं, कारण त्याचा कान सगळ्यात पक्का. हिशेबाची वही. अॅम्प बाईकवर बांधून आणणं. आणि खोलीच्या मालकांशी तेलुगूत बोलणं, म्हणून तर इतकी वर्षं आम्हाला ती खोली मिळाली.

"ताई, मला वाटायचं मी फक्त गिटार वाजवतो," तो म्हणाला.

आम्ही नवीन गिटारवाला शोधत होतो. पण जाहिरात द्यायचीच तर ती सात कामांची द्यावी लागेल, आणि असा माणूस कुठेच नसतो. असीमच्या वेळी इंडियन ओशनने हेच ओळखलं. त्यांनी असीमसारखा माणूस शोधला नाही. त्याच्या कामाचे भाग केले आणि प्रत्येक भागाला योग्य माणूस घेतला, आणि त्यामुळे बँडचा आकार बदलला तरी तो बदलू दिला.

२० डिसेंबर

ऐकण्याच्या संध्याकाळचा क्रम पक्का केला. जागा नवी पेठेत, ओळखीच्या शिकवणीची खोली. तारीख २५ डिसेंबर: असीमचा स्मृतिदिन आणि सुट्टीही.

'डेझर्ट रेन'पासून सुरुवात, मग 'कांदिसा'. नंतर '१६/३३० खजूर रोड'. हा अल्बम २०१० चा, नाव दिल्लीत करोलबागेतल्या त्यांच्या सरावाच्या घराच्या पत्त्यावरून. गाणी त्यांनी महिन्याला एक अशी विनामूल्य दिली होती. असीम गेल्यानंतर आलेल्या या गाण्यांत असीमच गातोय. तक्त्यात त्याचा धागा संपल्यावर खाली हा बाणा त्याच्या रंगाचा कसा दाखवायचा, असं काकांना विचारलं तर त्यांनी त्या ओळीत चौकोन सोडून सोडून त्याचा रंग भरला. शेवटी 'तंदानू' आणि पाच जणांच्या संचाचे रंगमंचावरचे व्हिडिओ, त्यातही जुनीच गाणी, म्हणजे फरक कानाने कळेल.

२५ डिसेंबर

खोली भरली. लेझीमवाले, एका ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला, इंजिनिअरिंगची मुलं, काका स्वतः, आणि आमच्या खालच्या कारखान्यातले दोघं कामगार. कुणीतरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आणलं होतं.

तक्त्यापुढे लोक जास्त वेळ उभे राहिले. ऑक्टोपॅडवाला असीमच्या धाग्यावर बोट ठेवून म्हणाला की आमच्या ऑर्केस्ट्रात एक जण ढोलक वाजवत निवेदनही करायचा, तो गेला आणि कार्यक्रमाची लयच गेली, दोन माणसं ठेवली तरी परत आली नाही. लेझीमवाल्या एकाने विचारलं, नाव कुणाचं राहतं? न्यू ऑर्डरच्या पट्टीवरून वाद रंगला. गायक गेल्यावर नाव बदलणं म्हणजे त्याचा मान राखणं, असं निम्म्यांचं म्हणणं. उरलेले म्हणाले, नाव सगळ्यांचं असतं, एकाच्या जाण्याने ते का सोडायचं. मी दुसऱ्या बाजूची. असीमनंतर राहुल, सुस्मित, अमित यांनी नाव ठेवलं म्हणून आज नवीन पोरांना असीमचं नाव माहीत आहे.

'कांदिसा' सुरू झालं तेव्हा खोलीत कुणीही शब्द समजणारं नव्हतं आणि कुणीही हललं नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शेवटी थांबली. गिटार वाजवते, घरी कन्नड बोलतात, आजीकडून ऐकलेली कन्नड भजनं तिला गिटारवर येतात. तिने दोन वाजवली. आमच्या गिटारवाल्याने तिची गिटार घेऊन सूर तपासला आणि तसाच परत दिला. म्हणजे बरोबर होता.

२८ डिसेंबर

सरावाच्या खोलीत बैठक. वाटणी अशी झाली: गिटार त्या मुलीकडे, पण जुन्या धुना तिने तशाच वाजवायच्या नाहीत, स्वतःच्या बसवायच्या. साथीचं गायन मी आणि कीबोर्डवाला. सूर लावणं प्रत्येकाने आपापलं, ट्यूनरवर, आणि शेवटची खात्री तिने करायची. हिशेब मामेभावाकडे. मालकांशी बोलायला आमचा गायक जाणार, त्याने काकांकडे तेलुगूची शिकवणी लावून घेतली आहे. दोन गाणी बाजूला ठेवली. ती सगळीच्या सगळी जुन्या गिटारवर उभी आहेत. नवीन रूप सापडलं तर परत घेऊ, नाही तर नाही. नाव तेच राहणार, त्यावर कुणीच वाद घातला नाही.

"गाणं कुठून येतं" या पट्ट्यात आता पाच रंग आहेत. आधी दोनच होते.

गिटारवाला पुण्याहून नवीन धुना पाठवणार का, असं मामेभावाने विचारलं. तो म्हणाला पाठवतो, पण वाजवायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या तक्त्यात त्याचा धागा काकांनी जानेवारीत संपवला आणि खाली थोडी जागा मोकळी सोडली.

६ जानेवारी

तो गेला. स्टेशनवर सगळेच होतो, नवीन मुलगीही.

इंडियन ओशनचा तक्ता आता नवी पेठेतल्या त्या खोलीतच लावून ठेवायचाय, तिथल्या सरांनी भिंत दिली. आमचा तक्ता सरावाच्या खोलीत. काकांनी दोन्हींची नक्कल करून त्यांच्या जुन्या डिझाइनांच्या गठ्ठ्यात ठेवली आहे.

पहिला सराव गड्डा संपल्यावर, कारण तोवर मामेभाऊ मिळणार नाही. कन्नड भजनांपैकी एक घ्यायचं, ते तिने आजीच्या आवाजात फोनवर मुद्रित करून सगळ्यांना पाठवलंय. अॅम्पचाही प्रश्न सुटला. तिच्या वडिलांची रिक्षा आहे.